कोणत्या गावचा सॉर्ट?

मन्मथअप्पा बिराजदार कॉम्प्युटरला कुठलीही आज्ञा देण्याआधी तिचं गाव विचारतात.

थट्टा नाही. तुम्ही आमच्या मशीनसमोर बसून 'टार' एवढी तीन अक्षरं टाइप केलीत आणि एंटरकडे बोट नेलंत, की मागून आवाज आलाच म्हणून समजा. "थांब. कोणत्या गावचा टार?" मग ती अक्षरं मुकाट्यानं पुसायची, 'विच टार', म्हणजे कोणता टार, असं टाइप करायचं, मशीन टारचा पत्ता सांगतं, तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, अप्पा मान डोलावतात आणि मगच तुमचा टार पुढं सरकतो. मी एमसीए आहे. नांदेडला राहून, खोलीवर डबा खाऊन, चांगल्या गुणांनी केलेलं एमसीए. आणि मी रोज सकाळी एका आज्ञेचं स्थळ बघितल्यासारखी चौकशी करत बसते.

तसे अप्पा माणसांनाही गावावरूनच ओळखतात. माझं नाव माधुरी आहे हे त्यांना माहीत आहे, पण त्यांच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलेलं नाही. मी कंधारची, म्हणून मी 'कंधारकर'. फाटकावरचा वॉचमन 'मुदखेड'. जीप चालवणारे ख्वाजाभाई 'देगलूरवाले'. खुद्द मालकांना ते पाठीमागं 'उदगीरकर' म्हणतात, आणि एकदोनदा तोंडावरही म्हणून झालेलं आहे.

आमची डाळमिल लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तुरीची गाडी फाटकात येते, काट्यावर चढते, तिची पावती निघते, मग ती आपल्या ओळीत जाऊन उभी राहते. हे सगळं चालवणारा प्रोग्राम मालकांच्या वडिलांच्या काळात हैदराबादच्या कुणा माणसानं लिहून दिला होता. तो माणूस आता नाही, त्याची कंपनीही नाही. प्रोग्राम मात्र ठणठणीत आहे, कारण तो ज्या युनिक्सवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर, चालतो ते जुन्याला सांभाळून घेणारं युनिक्स आहे. म्हणजे काय, तर जुन्या प्रोग्रामांची गैरसोय होऊ नये म्हणून त्यानं जुन्या आज्ञा जशाच्या तशा, जुन्या जागी, जुन्या खोडींसकट ठेवलेल्या आहेत. टारचं काम फाइलींचं गाठोडं बांधायचं, पण जुन्या टारला फाइलचं नाव लांबलचक असलं की झेपत नाही. जुन्या ग्रेपला फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरात शिरून शोधता येत नाही. एखादी गोष्ट शोधायची तर तुम्हीच त्याचा हात धरून प्रत्येक खोलीत न्यायचं.

यावर उपाय आहे आणि तो अप्पांनीच कधीकाळी करून ठेवलेला आहे. त्याला ग्नू म्हणतात. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि कुणालाही वापरायला खुली ठेवलेली हत्यारं. नावं तीच, टार, ग्रेप, सॉर्ट, पण कामाला चलाख. मी कॉलेजात शिकले ती हीच. आमच्या मशीनवर ती वेगळ्या जागी ठेवली आहेत आणि घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या नावाआधी एक 'जी' लावलेला आहे. जीटार, जीग्रेप, जीसॉर्ट. अप्पांच्या भाषेत जुन्या आज्ञांची जागा म्हणजे 'जुनं गाव' आणि ग्नूची जागा म्हणजे 'नवी वस्ती'.

"पाहुणे हायत ते," अप्पा मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. "कामाचे हायत. पर घर त्यांचं न्हाई."

मला हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मशीनला एखादी आज्ञा दिली की तिला आधी कुठं शोधायचं, मग कुठं, हे सांगणारी एक ओळ असते. तिला पाथ म्हणतात. अप्पांच्या पाथमध्ये जुनं गाव आधी, नवी वस्ती शेवटी. मी माझ्यापुरतं ते उलटं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या खुर्चीवर बसले होते. चप्पल काढून, कारण ते मशीनसमोर चपलेनं बसत नाहीत. कपाळावर भस्माचे पट्टे, कानावर पेन्सिल, आणि माझ्याच स्क्रीनवर एकेका आज्ञेचं गाव तपासणं चालू होतं.

"हे काय करून राहिलीस, कंधारकर? दारात पाहुणे बसवलेस, अन् घरची मानसं मागच्या अंगणात?"

"अप्पा, माझ्या लॉगिनमध्ये मी काही करीन. प्रोग्रामला हातही लावलेला नाही."

"सवय लागती," ते म्हणाले, आणि चहा मागवायला निघून गेले. चहा ते बशीत ओततात, बशी की-बोर्डच्या शेजारी ठेवतात आणि फुंकर घालताना स्क्रीनकडं बघतात. बशी सांडेल म्हणून माझा जीव वर-खाली होतो. आजवर सांडलेली नाही, पण म्हणून काय झालं!

मशीन अडलं की अप्पा कानडीत बोलतात. त्यांच्या आईचं माहेर सीमेकडचं, त्यामुळं घरात कानडी. मशीन चाललं की मराठी, अडलं की कानडी, फारच अडलं की दोन्ही बंद आणि नुसतं भस्म. भस्माचं एक बोट मशीनच्या कपाळावरही ओढलेलं आहे. मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅन वाच." मॅन म्हणजे मशीनमध्येच असलेली माहितीची पानं. आता जी गोष्ट समोर बसलेला माणूस एका वाक्यात सांगू शकतो तिच्यासाठी मी इंग्रजीतली पानंच्या पानं का वाचायची? पण अप्पा सांगत नाहीत. मी वाचून संपवलं की ते म्हणतात, "मलाबी तेच सांगायचं होतं."

आणि हा माणूस चुकत नाही असंही नाही. एका गुरुवारी त्यांच्या डोक्यात आलं की कोणी जुन्या नावानं बोलवो की नव्या, कोणीतरी हजर झालंच पाहिजे. युनिक्समध्ये अशी सोय आहे. एका नावाला दुसऱ्याकडं बोट दाखवायला लावता येतं, त्याला लिंक म्हणतात. अप्पांनी दिवसभर लिंका जोडल्या. त्या भरात सॉर्टचं जुनं नाव त्यांनी नव्याकडं वळवलं, आणि नवं नाव आपण सकाळीच जुन्याकडं वळवलेलं आहे हे विसरले. काट्यावरून हाक आली. जुन्यानं नव्याकडं बोट दाखवलं, नव्यानं जुन्याकडं, आणि मशीन दोघांच्या मध्ये फिरून फिरून शेवटी हात टेकून बसलं. बाहेर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. ड्रायव्हर हॉर्न वाजवताहेत, मालक फाटकात उभे राहून ओरडताहेत, आणि अप्पा स्क्रीनकडं बघत शांतपणे म्हणतात, "दोघं एकमेकाकडं बोट दाखवून राहिले."

"तुम्हीच लावलंत ना तसं!" मी ओरडले.

"हाव," अप्पा म्हणाले. "लई गुणी हायत. सांगितलं तसंच करतात."

पण आमचं खरं भांडण झालं ते सॉर्टवरून. त्या जुन्या प्रोग्रामात जागोजागी 'सॉर्ट प्लस वन' असं लिहिलेलं आहे. म्हणजे पहिला रकाना सोड आणि दुसऱ्यावरून क्रम लाव. ही जुनी बोली. ग्नूच्या सॉर्टला हे सांगितलं तर तो म्हणतो, 'प्लस वन' नावाची फाइल मला सापडत नाही. त्याची बोली वेगळी, 'डॅश के टू'. अर्थ तोच. मी म्हटलं, अख्ख्या प्रोग्रामात शोधून बदलून टाकते, दुपारपर्यंत काम होईल, मग आपण कायमचे मोकळे.

अप्पा उभेच राहिले. एरवी ते कुणावर चिडत नाहीत, पण त्या दिवशी चहाची भरलेली बशी त्यांनी तशीच खाली ठेवली.

"हाक मारणाऱ्याला बदलायचं न्हाई, कंधारकर. ओ देणाऱ्यानं बदलायचं."

"अप्पा, प्रोग्राम आहे तो. त्याला काय वाटणार आहे?"

"इतकी वर्सं एकाच रीतीनं हाक मारून राहिला तो. आता या वयात त्याला नवी बोली शिकवतीस? ओ देणारा तरणा हाय, हुशार हाय. त्यानं समजून घ्यावं."

मी घरी जाऊन नवऱ्यापुढं तणतणले. तो म्हणाला, नोकरी सोड. मी म्हटलं, मी का सोडू, त्यांनी सुधारावं.

सुधारले नाहीतच, उलट जिंकले. महिन्याभरानं ते एक पान घेऊन नाचतच आले. ग्नूवाल्यांनी खरोखरच तशी सोय ठेवलेली आहे. मशीनच्या एका फाइलीत एक ओळ घालायची, की ग्नूचा नवा सॉर्ट जुनी बोलीही निमूट समजून घेतो. अप्पांनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला आणि वर शेंगदाण्याचे लाडू मागवले. हिशेबाच्या टेबलावरच्या माणसांना कशाचा लाडू ते कळलं नाही, पण त्यांनी खाल्ला.

"बघ," अप्पा त्या पानावर बोट ठेवून मला म्हणाले, "कुणीतरी बसून हे लिहिलंय. जुन्या मानसाची हाक वाया जाऊ नये म्हनून. त्या लोकायलाबी कळतंय."

मी लाडू खाल्ला. कारण ओळ खरी होती.

हे सगळं मी एक वेळ सहन केलं असतं. पण पाच वाजताचं काय करायचं? घड्याळात पाच वाजले की अप्पा उठतात. वाक्य अर्धं असलं तर अर्धं राहतं. एकदा मशीनच्या बॅकअपच्या मधोमध उठले, एकदा मालकांच्या बोलण्याच्या मधोमध. कानावरची पेन्सिल टेबलावर, चप्पल पायात, डोक्याला रुमाल, आणि मोटारसायकलला किक. त्यांचं गाव औश्याच्या पुढं आत आहे, रोज तिथून येऊन-जाऊन करतात. "दिवे लागायच्या आत घरी पायजे," एवढंच सांगतात. का, ते नाही. पुढं काय विचारलं तर "गाव लांब हाय." मालकांनी मिलमध्ये राहायला खोली देऊ केली, तर अप्पांनी ती जुनी मशीनं ठेवायला घेतली. ऑफिसात म्हणायचे, अप्पा बायकोला भितात. ख्वाजाभाई म्हणायचे, "पाच बजे के बाद अप्पा किसीके भी नै, मॅडम."

गेल्या हंगामाआधी जुनं मशीन कण्हायला लागलं. डिस्कमधून करकर आवाज यायचा. मालकांनी नवं मशीन आणलं आणि ठरवलं की रविवारी मिल बंद असताना सगळं तिकडं हलवायचं, सोमवारी सकाळी तुरीच्या गाड्या आल्या की काटा नव्यावर चालू. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"अप्पा, रविवारी काम संपल्याशिवाय जायचं नाही. पाच वाजू देत, आठ वाजू देत."

"पाचला मी जातो, मालक."

"मग सोमवारी यायची तसदी घेऊ नका," मालक म्हणाले. आवाज हळू होता, पण धमकी खरी होती. अप्पांच्या निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. त्या वयात, त्या अडून बसण्यापायी, नोकरी घालवायची म्हणजे काय! केबिनबाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, एक दिवस थांबा हो, जग बुडत नाही. अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझं बरोबर हाय." आणि त्यात 'थांबतो' हा शब्द नव्हता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

रविवारी सकाळपासून आम्ही लागलो. अप्पांनी एकेक फाइल नवऱ्या मुलासारखी मिरवत नेली. नवं मशीन सगळं ग्नूचंच, जुन्या गावाची तिथं जागाच नव्हती. म्हणून अप्पांनी सकाळीच जुन्या पत्त्यांवर लिंका जोडून ठेवल्या, या खेपेला दोनदा तपासून. दुपारी जेवतानाही त्यांचं बोट स्क्रीनवर होतं. मला खरंच वाटलं की आज हे थांबणार. पावणेपाचला आम्ही प्रोग्राम सुरू केला, खोट्या गाडीचं खोटं वजन घातलं आणि पावतीची वाट पाहत बसलो. पावती आली नाही. स्क्रीनवर आलं, 'प्लस वन' नावाची फाइल सापडत नाही.

"ती ओळ!" मी म्हटलं. "अप्पा, ती जुन्या बोलीची ओळ नव्या मशीनमध्ये घालायची राहिली."

अप्पांनी घड्याळाकडं पाहिलं. पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. रुमाल बांधला.

"अप्पा! दोन मिनिटांचं काम आहे! मालक फाटकात उभे आहेत!"

ते दारात थांबले. काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. मग नुसते "सकाळी बघू" म्हणाले, आणि मोटारसायकल फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला. पाच वाजले होते.

ती ओळ मी घातली असती. पण ज्या फाइलीत ती घालायची तिला हात लावायला मशीनचा मुख्य पासवर्ड लागतो, आणि तो फक्त अप्पांना ठाऊक. मी फोन लावला. फोन त्यांच्याच खणात वाजला. मालक आत आले, त्यांनी वाजणारा खण पाहिला, पावतीचा कोरा कागद पाहिला.

"गाडी घेऊन जा आणि पासवर्ड आणा," ते मला म्हणाले. "आणि त्यांना सांगा, सकाळी काटा चालला नाही तर हिशेब करून घेऊन जा."

जीपमध्ये बसून मी काय काय ठरवलं ते सांगत नाही. ख्वाजाभाई मधूनमधून नुसतं "जाने दो मॅडम" म्हणत होते, त्यामुळं मी जास्तच भडकत होते. सगळी वाक्यं मी तयार ठेवली होती. तुमच्या हट्टापायी. तुमच्या जुन्या गावापायी. आम्ही माणसं नाही का? औसा मागं पडलं, डावीकडं वळलो, सूर्य खाली आला.

तिकडची गावं भूकंपानंतर नव्या जागी वसवलेली आहेत. मी लहानपणापासून ऐकून होते, आत कधी गेले नव्हते. सरळ रस्ते, सारखी घरं, प्रत्येकावर नंबर. दारं एकसारखी, खिडक्या एकसारख्या. अप्पांचं घर विचारत विचारत सापडलं. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "कंधारकर का? या की. हे जुन्या गावात गेलेत. अव्वाला आणायला." अव्वा म्हणजे अप्पांची आई.

जुनं गाव ओढ्यापलीकडं. तिथं गाव असं काही नाही. दगड, बोरी-बाभळी, मधूनच एखादा उंबऱ्याचा दगड किंवा ओटा. ख्वाजाभाईंनी जीप अलीकडंच उभी केली. मी पायवाटेनं चालत गेले, तोंडात ती सगळी वाक्यं घेऊन.

एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती. शेजारी फडक्यानं झाकलेलं ताट. तिच्यामागं घर नव्हतं, पण ती दाराकडं पाठ करून बसावं तशी नीट बसली होती. तिनं मान वर केली आणि मोठ्यानं हाक मारली, "शिवू! ऊटक्क बारो!" जेवायला ये रे. एवढं कानडी मला कळतं, मिलमधले उदगीरकडचे हमाल दुपारी एकमेकांना असंच बोलावतात.

कोणी आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली.

तेवढ्यात बोरीच्या पलीकडून उत्तर आलं, "बंदे, अव्वा!" आलो, आई. एखाद्या कॉलेजातल्या पोराचा आवाज. आणि मागोमाग पळत आले ते मन्मथअप्पा. गुडघा दुखतो म्हणून ऑफिसात कधी जिना न चढणारे अप्पा, पळत. रुमाल काढलेला, भस्म पुसलेलं. ओट्याशी येऊन ते धापा टाकत उभे राहिले. म्हातारीनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, "किती हाका मारायच्या रे?" आणि भाकरीचा घास त्यांच्या तोंडात घातला.

अप्पांनी मला पाहिलं. दचकले नाहीत. आईच्या हातचे दोन घास खाल्ले, ती ताट आवरायला लागली तसे माझ्याजवळ आले.

"शिवू माझा धाकटा भाऊ," ते हळू म्हणाले. "भूकंपाच्या वेळी तो इथं झोपला होता. अव्वा अन् मी उदगीरला गेल्तो." मग आईकडं बघत, "आता काही वर्सांपासून अव्वाचं डोकं मागं गेलंय. दिवे लागायच्या टायमाला इथं येऊन बसती, हाका मारती. आधी मी सांगायचो, अव्वा, शिवू न्हाई. रोज सांगायचो. रोज तिला ते पैल्यांदाच कळायचं."

त्यांनी नाक पुसलं.

"मंग एक दिवस ओ दिली."

माझ्या तोंडातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मी कसंबसं म्हटलं, "अप्पा, पासवर्ड. मालक फार चिडलेत."

"की-बोर्ड उलटा कर. खाली चिकटवलेला हाय."

घ्या! इतकी वर्षं प्रत्येक आज्ञेला गाव विचारणारा हा माणूस, आणि पासवर्ड की-बोर्डच्या पोटाला! मी डोक्याला हात लावला. अप्पा थोडे ओशाळले. "मीबी विसरतो की," ते म्हणाले. "ती ओळ तूच घाल. तुला येती."

त्या रात्री परत जाऊन मी ती ओळ घातली. पावती निघाली, सोमवारी काटा चालला. मालकांना मी जे पाहिलं ते सांगितलं, आणि अप्पा आपल्या खुर्चीवर आले तेव्हा मालक त्यांना काही बोलले नाहीत. प्रोग्रामात अजूनही सगळीकडं 'सॉर्ट प्लस वन'च आहे. पण ते सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी मी निघायला वळले, तेवढ्यात म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं पाहिलं. अंधारत चाललं होतं.

"कोण उभंय गं तिथं? गंगू का?"

अप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "शेजारच्या घरातली पोर. तीबी त्याच दिवशी गेली." आणि मग घाईनं आईकडं वळून म्हणायला लागले, "न्हाई अव्वा, ही आपल्या मिलमधली—"

"ओ," मी म्हटलं. "मीच, अव्वा. आले."